‘वेंधळी’ ते ‘न्यूरोडायव्हर्जंट’



माणसांना असते तसे शब्दांनाही गाव असते. आज मी ज्या शब्दांविषयी बोलणार आहे, ते आपल्या गावचे नाहीत. त्यांचे माहेर अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया. पण गेल्या काही वर्षांत ते आपल्या माजघरापर्यंत येऊन पोहोचले आहेत. अमेरिकेत नोकरी करणारी भाची फोनवर म्हणते, “मावशी, दिवसभर ऑफिसात मास्किंग करते, घरी आले की काहीच करवत नाही.” कॉलेजात जाणारी नात म्हणते, “आजी, मी न्यूरोडायव्हर्जंट आहे.” फोन ठेवल्यावर मावशी आणि आजी एकमेकींकडे पाहतात. पोरीला नेमके झाले आहे तरी काय? आजारी म्हणावे, तर चांगल्या पगाराची नोकरी करते. धडधाकट म्हणावे, तर फोनवर रडते आहे.

मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत 22 वर्षे वर्गसहाय्यक म्हणून काम केले. बाईंचा वर्ग चालू असताना ज्या मुलांना वेगळी मदत लागते, त्यांच्या शेजारी बसणे हे माझे काम. मी डॉक्टर नाही. पण हे शब्द कागदावर आणि माणसांत, दोन्हीकडे जवळून पाहिले. आणि एक गोष्ट ध्यानात आली. एकाच तऱ्हेने वागणाऱ्या दोन मुलांना एकच शब्द मिळतो असे नाही. मुलगा आहे की मुलगी, गोरा आहे की काळा, आईबाप कोणत्या देशातून आले, यावर कोणाला कोणते नाव मिळायचे ते ठरत जाते. आजचे माझे बोलणे त्याविषयी आहे.

आधी एका शब्दप्रयोगाचा उलगडा करते. अमेरिकेत ‘विमेन ऑफ कलर’ असे म्हणतात. अक्षरशः अर्थ ‘वर्णाच्या स्त्रिया’, म्हणजे गोऱ्या नसलेल्या. ऐकायला विचित्र वाटते. पण हे नाव कोणी वरून लादलेले नाही. 1977 साली ह्यूस्टन शहरात राष्ट्रीय महिला परिषद भरली होती. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका गटाने तेथे आपल्या मागण्यांचा मसुदा आणला. लॅटिना, आशियाई आणि मूळनिवासी स्त्रियांनाही त्यात सामील व्हायचे होते. मग सगळ्यांना सामावून घेणारे नाव हवे, म्हणून हे नाव पुढे आले, असे लोरेटा रॉस या कार्यकर्तीने सांगितले आहे. थोडक्यात काय, तर ही जात नव्हे, ही एकजूट आहे. पुण्या-नागपुरात कोकणस्थ, देशस्थ, मराठा, माळी, बौद्ध अशी ओळख घेऊन वाढलेली मुलगी अमेरिकेच्या विमानतळावर उतरली, की तिच्या नकळत या मोठ्या घरातली एक सभासद होते. घरातल्या साऱ्याजणींचे दुःख सारखे नसते. कृष्णवर्णीय बाईच्या वाट्याला येते ते आपल्या आयटीतल्या मुलीच्या वाट्याला येत नाही. पण एक अनुभव समान आहे. समोरच्याने आधीच ठरवलेल्या चौकटीतून आपल्याकडे पाहिले जाते.

आता मुख्य शब्दाकडे वळू. ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ म्हणजे मेंदूंची विविधता. जैवविविधता हा शब्द आपण जाणतो. रानात नाना जातीची झाडे असतात, तसे समाजात नाना घडणीचे मेंदू असतात, असा त्याचा भाव. 1998 साली ज्युडी सिंगर या ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीने प्रबंधात हा शब्द वापरला. त्याच वर्षी हार्वे ब्लूम या अमेरिकी पत्रकाराच्या लेखातही तो आला. पुष्कळ वर्षे श्रेय एकट्या सिंगरबाईंना दिले जात होते. 2024 मध्ये काही अभ्यासकांनी दाखवून दिले, की त्याआधीच स्वमग्न व्यक्तींच्या ईमेल-गटांतून ही कल्पना अनेकांनी मिळून घडवली होती.

पण विविधता समूहात असते. एकच झाड ‘विविध’ कसे असेल? तेव्हा एका माणसासाठी वेगळा शब्द हवा. ज्याच्या मेंदूची चाल बहुसंख्यांपेक्षा वेगळी, तो ‘न्यूरोडायव्हर्जंट’. ज्याची चाल रूढ वळणाची, तो ‘न्यूरोटिपिकल’. यातला पहिला शब्द सन 2000 च्या सुमारास घडवला तो कॅसियान असासुमासू यांनी. त्या स्वतः स्वमग्न, आणि जपानी वंशाचा वारसा असलेल्या मिश्रवर्णीय अमेरिकन बाई. आज मोठमोठ्या कंपन्यांच्या पत्रकांत हा शब्द छापला जातो, पण एका ‘वुमन ऑफ कलर’ने तो घडवला, हे फार थोड्यांना माहीत असते. आणि त्यांनी तो ऐसपैस ठेवला होता. फक्त स्वमग्नता नव्हे. अवधानाच्या अडचणी, वाचन-लेखनाच्या अडचणी, अपस्मार, ज्यांचा मेंदू वेगळ्या वाटेने जातो ते सारे त्यात यावेत, असा त्यांचा हेतू. म्हणून ‘मी न्यूरोडायव्हर्जंट आहे’ हे कोणत्याही एका आजाराचे नाव नाही. नातीने तसे सांगितले, तर पुढचा प्रश्न ‘कोणत्या बाबतीत, बाळा?’ असाच असायला हवा.

शब्द बाईने घडवला खरा, पण वैद्यकाने ज्यांच्याकडे पाहून नियम बांधले ती मुले कोण होती? 1943 साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेवरचा प्रसिद्ध लेख लिहिला. त्यात 11 मुले होती : 8 मुलगे, 3 मुली. सगळी गोऱ्या कुटुंबांतली. 1944 साली व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांनी चार मुलांची वर्णने छापली, चारही मुलगे. एखाद्या शिंप्याने एकाच बांध्याच्या गिऱ्हाइकाची मापे घ्यावीत आणि पुढे साऱ्या गावाचे कपडे त्याच मापाने शिवावेत, तसे काहीसे झाले. ज्याला तो सदरा बसला नाही त्याला ‘तुला काही झालेले नाही’ असे सांगण्यात आले. नाहीतर वेगळेच नाव देण्यात आले.

हे वेगळे नाव फार महागात पडते. 2002 साली फिलाडेल्फियातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरकारी वैद्यकीय मदत मिळणाऱ्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे निदान गोऱ्या मुलांना सरासरी 6.3 व्या वर्षी, तर कृष्णवर्णीय मुलांना 7.9 व्या वर्षी होत होते. दीड वर्षाहून अधिक उशीर. लहान मुलाच्या आयुष्यात दीड वर्ष म्हणजे बोलायला शिकण्याचा आणि पहिल्या इयत्तेत बसण्याचा काळ. त्याच संशोधकांच्या 2007 सालच्या अभ्यासात दिसले, की पुढे स्वमग्न ठरलेल्या कृष्णवर्णीय मुलांना आधी ‘वर्तनदोष’ असे नाव मिळण्याची शक्यता गोऱ्या मुलांपेक्षा जास्त होती. म्हणजे एकाला मदत, दुसऱ्याला शिक्षा. मुलींचे तर याहून वेगळे. 2013-14 या वर्षाच्या अमेरिकी शिक्षण खात्याच्या आकडेवारीत, बालवाडीतल्या मुलींमध्ये कृष्णवर्णीय मुली होत्या 20 टक्के. पण शाळेतून काही दिवस घरी बसवलेल्या बालवाडीतल्या मुलींमध्ये त्या होत्या 54 टक्के. चार वर्षांची पोर आणि निलंबन!

या पार्श्वभूमीवर आता रोजच्या वापरातले शब्द एकेक करून पाहू.

पहिला, ‘मास्किंग’. मास्क म्हणजे मुखवटा. आपली स्वाभाविक वागणूक दाबून, चारचौघांसारखे दिसण्यासाठी सतत चालवलेला अभिनय. समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ पाहायचे ते मनात मोजणे, कोणी हसले की आपणही हसणे, फोन करण्याआधी वाक्ये घोकणे. 2017 सालापासून यावर पुष्कळ संशोधन झाले, आणि बायका हा मुखवटा अधिक वेळ आणि अधिक सफाईने वागवतात असे त्यातून वारंवार दिसले. मुलींना लहानपणापासून ‘नीट वाग’ हे जास्त वेळा ऐकावे लागते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आता यात रंगाची भर घाला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या आणखी एक गोष्ट करत आल्या आहेत. तिला ‘कोड-स्विचिंग’ म्हणतात. मूळ शब्द भाषाशास्त्रातला. बोलता बोलता एका भाषेतून दुसरीत जाणे. आपण घरी वऱ्हाडी आणि कचेरीत प्रमाण मराठी बोलतो, तसे. गोऱ्यांच्या कचेरीत केसांची ठेवण, आवाजाची पट्टी, उच्चार, हसणे सगळे बदलून जाणे हा त्याचा विस्तारलेला अर्थ. आपल्या मुलीही नाव तोडून सांगतात, डबा कोपऱ्यात खातात, ते याच जातीचे. स्वमग्न असलेल्या अशा बाईला दोन मुखवटे एकावर एक चढवावे लागतात. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिसरा : गजऱ्याच्या वासाने डोके भणभणत असताना, ढोल-ताशाच्या आवाजाने जीव घाबरा होत असताना, हसतमुखाने हळदीकुंकू द्यायचे. आणि मग घरी येऊन दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडायचे. भाचीचे ‘घरी आले की काहीच करवत नाही’ ते हे. त्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. हा साधा थकवा नव्हे. एरवी सहज जमणाऱ्या गोष्टी, म्हणजे बोलणे, स्वयंपाक, अंघोळ, याही जमेनाशा होतात, आणि ते आठवडे-महिने चालू शकते.

दुसरा शब्द ‘स्टिमिंग’. मन थाऱ्यावर ठेवण्यासाठी केलेली एकसारखी हालचाल. पुस्तकात उदाहरण असते मुलाने हात फडफडवण्याचे किंवा मागेपुढे झुलण्याचे. मुलींचे स्टिमिंग बहुधा लहान आणि लपलेले असते. वेणीचे टोक चावणे, बांगड्या फिरवत राहणे, ओढणीच्या टोकाला पीळ घालणे. यात वाईट काही नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी सबंध गणिताचा तास बोटाभोवती रबर गुंडाळायची आणि गणिते बिनचूक सोडवायची. रबर काढून घेतले त्या दिवशी वही कोरी.

तिसरा, ‘मेल्टडाउन’. याला आपण ‘आकांडतांडव’ किंवा ‘त्रागा’ म्हणून मोकळे होतो. फरक असा, की त्राग्याला हेतू असतो. खाऊ मिळाला की तो थांबतो. मेल्टडाउनला हेतू नसतो. आवाज, उजेड, स्पर्श, अनपेक्षित बदल हे सगळे साचत जाते आणि सहनशक्तीचा बांध फुटतो. काहींचा बांध आतल्या बाजूला फुटतो. बोलणे थांबते, माणूस दगडासारखा बसतो. त्याला ‘शटडाउन’ म्हणतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय बाईविषयी ‘संतापी बाई’ हा साचा जुना आहे. तिचा मेल्टडाउन हा संताप ठरतो. सुरक्षारक्षक बोलावले जातात, कधी पोलीस. आशियाई मुलीविषयी साचा ‘गप्प, सोशिक’ असा आहे. तिचा शटडाउन हा शहाणपणा ठरतो. कोणाच्या लक्षातच येत नाही. एकीला शिक्षा होते, दुसरीला शाबासकी मिळते, आणि मदत दोघींनाही मिळत नाही.

डोळ्यांत न पाहण्याचेही असेच. निदानाच्या यादीत ते एक महत्त्वाचे लक्षण आहे. पण आपल्याकडे, आणि इतरही अनेक समाजांत, मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणे हा उद्धटपणा. मान खाली घालून बोलणारी मुलगी आपल्या घरात ‘गुणी’, ‘शालीन’. त्यामुळे अमेरिकन तपासनीसाला कधी निव्वळ संस्कारामुळे वागणाऱ्या मुलीत लक्षण दिसते, तर कधी खरे लक्षण संस्कार म्हणून सुटून जाते. तपासणाऱ्याला घरची रीत ठाऊक नसेल, तर दोन्हीकडून घोटाळा.

चौथा शब्द जरा जड आहे, ‘एक्झिक्युटिव्ह फंक्शन’. सोप्या मराठीत, मेंदूतला कारभारी. कोणते काम आधी, कोणते नंतर, किती वेळ लागेल, मध्ये अडथळा आला तर पुन्हा कुठून धरायचे, हे तो पाहतो. स्वयंपाकघरात उभे राहून विचार करा. कुकर लावलेला, कणीक मळायची, फोडणीत मोहरी तडतडते, दारात गॅसवाला, मुलाची बस दहा मिनिटांत. ज्या बाईचा कारभारी अधूनमधून रजेवर जातो तिला हे सगळे माहीत असते, येत असते, पण सुरुवात करता येत नाही. वेळेचा अंदाज येत नाही, त्याला ‘टाइम ब्लाइंडनेस’ म्हणतात. एडीएचडी या अवस्थेत हे फार दिसते.

एडीएचडी म्हटले की बाकावरून उड्या मारणारा मुलगा डोळ्यांपुढे येतो. पण 1980 सालीच अमेरिकेच्या निदान-पुस्तकात, ज्याला डीएसएम म्हणतात, चंचलपणा नसलेला प्रकारही मान्य झाला होता. शरीर स्वस्थ, मन मात्र भटकलेले. मुलींमध्ये हा प्रकार जास्त आढळतो, आणि त्या वर्गाला त्रास देत नाहीत म्हणून कोणी त्यांच्याकडे पाहत नाही. आशियाई मुलींना आणखी एक ओझे असते, ‘मॉडेल मायनॉरिटी’चे, म्हणजे आदर्श अल्पसंख्य. 1966 साली जपानी अमेरिकनांवरील एका लेखापासून हा साचा रूढ झाला. या समाजाची मुले हुशार, कष्टाळू, त्यांना अडचण कसली? गुण चांगले पडतात तोवर कोणी विचारत नाही, की ते गुण मिळवायला ही मुलगी रोज रात्री दोन वाजेपर्यंत का जागते. खूपशा बायकांना कळते ते लग्नानंतर, मुले झाल्यावर, जेव्हा आईने लावून दिलेली घडी उरत नाही. काहींना तर आपल्या मुलाची तपासणी चालू असताना, डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता, ‘हे तर माझेच वर्णन’ असे उमगते.

पाचवा शब्द ‘ऑडीएचडी’. स्वमग्नता आणि एडीएचडी दोन्ही एकत्र. 2013 साली डीएसएमची पाचवी आवृत्ती येईपर्यंत नियमाने ही दोन निदाने एका व्यक्तीला देताच येत नव्हती. त्यामुळे त्याआधी तपासणी झालेल्या अनेकांना अर्धेच उत्तर मिळाले आहे. त्याच आवृत्तीने ‘आस्पर्गर’ हे वेगळे नावही काढून टाकले.

या शब्दांना आता चेहरेही मिळाले आहेत. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिची वैद्यकीय कागदपत्रे 2016 मध्ये चोरांनी संगणकातून उघड केली. तेव्हा तिने सरळ सांगितले, की मला एडीएचडी आहे, लहानपणापासून औषध घेते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लेखिका आणि चित्रकार मॉर्गन हार्पर निकोल्स हिला 2021 साली, वयाच्या 31 व्या वर्षी, आपण स्वमग्न असल्याचे कळले. 2017 साली ‘ऑल द वेट ऑफ अवर ड्रीम्स’ हा संग्रह आला. गोऱ्या नसलेल्या स्वमग्न व्यक्तींनी स्वतः लिहिलेला असा हा पहिलाच संग्रह.

मग सगळ्याच घरांतून या शब्दांचे स्वागत का होत नाही? कृष्णवर्णीय आया शाळेच्या कागदावर सही करायला कचरतात, त्याला काही लोक अज्ञान म्हणतात. मला ते तसे दिसले नाही. ती आठवण आहे. कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय मुलांना बुद्ध्यंक चाचण्यांच्या आधारे ‘मतिमंद’ वर्गांत ढकलले जात होते. 1971 साली पालक न्यायालयात गेले, आणि 1979 साली न्यायालयाने त्या कामासाठी अशा चाचण्या वापरायला मनाई केली. ज्या समाजाने हे भोगले तो नव्या शिक्क्याला लगेच हात पुढे कसा करील? आपल्या घरांतला संकोच निराळा. ‘कागदावर काही येऊ देऊ नका, उद्या स्थळ कसे मिळणार?’ न्यू जर्सीत राहणाऱ्या, दोन गाड्या दारात असलेल्या घरांतही हे वाक्य मी ऐकले आहे. दोन्हीकडे भीती शब्दाचीच, कारणे मात्र वेगवेगळी. आणि दोन्हीकडे त्या भीतीची किंमत मुलगी चुकती करते.

कारण अमेरिकेत शब्द ही किल्ली आहे. 1975 च्या कायद्याने, ज्याला पुढे 1990 मध्ये नवे नाव मिळाले, गरज असलेल्या प्रत्येक मुलासाठी शाळेने लेखी शिक्षणयोजना करायची असते. परीक्षेला जादा वेळ, शांत खोली, माझ्यासारखी शेजारी बसणारी बाई, हे त्या कागदातून मिळते. 1990 च्याच दुसऱ्या कायद्याने नोकरीतही सोयी मागता येतात. नाव नाही तर कागद नाही, कागद नाही तर मदत नाही. चित्र हळूहळू पालटते आहे. 2023 साली तेथील रोगनियंत्रण केंद्राने जाहीर केले, की आठ वर्षांच्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण 36 मध्ये 1 आहे. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई मुलांतले प्रमाण प्रथमच गोऱ्या मुलांपेक्षा जास्त निघाले, आणि मुलींतले प्रमाण प्रथमच 1 टक्क्याच्या वर गेले. 2025 च्या अहवालात ते 31 मध्ये 1 झाले. साथ आली असे समजून घाबरू नका. पूर्वी न मोजलेली मुले आता मोजली जाऊ लागली, हा त्यातला मोठा भाग आहे.

आता आपल्या भाषेकडे येऊ. ऑटिझमला आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ यावरून तो शब्द आला, म्हणून भाषांतर चोख आहे. पण ‘स्वमग्न’ म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, हिला दुसऱ्याचे काही पडलेले नाही. प्रत्यक्षात पुष्कळजणींना दुसऱ्याचे दुःख इतके लागते, की त्या खोली सोडून जातात. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने 2012 साली मांडले, की न समजणे हे दोन्ही बाजूंनी असते. ती तुम्हाला समजत नाही, तशी तुम्हीही तिला समजत नाही. एडीएचडीला ‘अतिचंचलता’ म्हणतात, त्याचीही तीच गत. गप्प बसून खिडकीबाहेर पाहणारी मुलगी त्या शब्दात मावतच नाही. ‘अवधानाची अडचण’ म्हटले तर तिलाही जागा होते.

मात्र रोजच्या वापरातले आमचे शब्द हे नव्हेतच. ते आहेत वेंधळी, धांदरट, घुमी, माणूसघाणी, तिरसट, आळशी, तंद्रीत असणारी. सासरी-माहेरी बायकांच्या कपाळी हे शब्द कुंकवासारखे कायमचे बसतात. नीट पाहा, हे सगळे शब्द बाहेरून पाहणाऱ्याचे आहेत. तिच्यामुळे इतरांना काय त्रास होतो ते सांगणारे. ‘मास्किंग’, ‘बर्नआउट’, ‘शटडाउन’ हे शब्द मात्र, तिच्या आत काय चालले आहे, ते सांगतात. परदेशी असूनही आमच्या मुलींना हे शब्द जवळचे का वाटतात, याचे उत्तर मला यातच दिसते. आयुष्यात प्रथमच त्यांना दोष न देणारा शब्द मिळालेला असतो.

तरीही काही सावधगिरी हवी. शब्द म्हणजे निदान नव्हे. मोबाइलवरची मिनिटभराची चित्रफीत पाहून ‘हे तर मीच’ वाटणे ही सुरुवात असू शकते, निकाल नव्हे. थायरॉइड, रक्तक्षय, नैराश्य, झोपेचा अभाव, पाळी जाण्याचा काळ यांतही विसरभोळेपणा आणि थकवा येतो. ते आधी तपासून घ्यावे. काही शब्द लोकप्रिय आहेत पण निदान-पुस्तकात नाहीत. नकार जिव्हारी लागण्याला ‘रिजेक्शन सेन्सिटिव्ह डिस्फोरिया’ म्हणतात, तो त्यांपैकी एक. अनुभव खरा, पण शिक्का अधिकृत नाही. दुसरीकडे, अमेरिकेत प्रौढांच्या तपासणीला हजारो डॉलर पडू शकतात. म्हणून तेथील कित्येक गोऱ्या नसलेल्या बायका कागद नसतानाही स्वतःला न्यूरोडायव्हर्जंट म्हणवतात. त्यांना खोट्या ठरवण्याआधी तो खर्च आठवावा. आणि कोणाला ‘ऑटिस्टिक’ म्हणायचे की ‘ऑटिझम असलेली’, हे तिलाच विचारावे. जिचे तिला आवडेल ते.

आपल्या देशात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. एडीएचडीचे नाव स्वतंत्रपणे नाही. मोठ्या सरकारी रुग्णालयांतील मानसोपचार विभागात तपासणीची सोय असते. मुलगी लहान असेल तर बालविकासतज्ज्ञांकडे जावे. जाताना तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवरचे शेरे घेऊन जा. ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’ हा दरवर्षीचा शेरा तज्ज्ञाला बरेच काही सांगून जातो.

आणि भाचीचा किंवा नातीचा फोन आला, तर ‘आमच्या वेळी नव्हते हो असले काही’ हे वाक्य तेवढे टाळावे. आमच्या वेळीही ते होते. गावोगाव एखादी आत्या, एखादी काकू असायची, जिला सगळे वेंधळी म्हणत आणि जी लग्नघरात कोठीच्या खोलीत एकटी बसून सुपाऱ्या कातरत राही. ती का तिथे बसते, असे तिला कोणी विचारले नाही. पोरीला तेवढे विचारा : “तुला नेमके काय होते? मी काय केले तर सोपे जाईल?” ती सांगेल. सांगायला तिच्याकडे आता शब्द आहेत.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)